संपलेल्या युद्धाची परवानगी

आई, गेल्या गुरुवारी दुपारी तुला फोन आला होता. बाबांच्या घरातल्या त्या भिंतीवरच्या फोनवर, ज्याच्यावर आता फक्त फार्मसीवाले आणि कारची वॉरंटी विकणारे बोलतात. मी बाबांची दुपारची औषधं काढून देत होते, म्हणून मीच उचलला. पलीकडच्या बाईने तुझं नाव घेतलं, पूर्ण आणि नीट, कारण इतक्या वर्षांत तिला त्याचा उच्चार पाठ झालाय. म्हणाली, "मी खासदारांच्या ऑफिसमधून बोलतेय. त्या आहेत का?" मी म्हटलं, नाहीत. "मग प्लीज त्यांना सांगा, झालं. रिपील झालं. सही पण झाली. टीव्हीवर कदाचित दाखवणारही नाहीत, म्हणून म्हटलं आम्हीच सांगावं." मी म्हटलं, "सांगते." तुला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मी अगदी सहज म्हटलं, सांगते. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझा हात त्या रिसीव्हरवरच होता. बाबांनी खुर्चीतून विचारलं, "कुणाचा गं?" मी म्हटलं, "आईचा." त्यांनी नुसती मान हलवली, जणू रोजच येतो.

काय झालं ते तुला कळलंच असेल म्हणून इथेच थांबावंसं वाटतं, पण तुला कसं कळणार. तेव्हा सांगते. ज्या कायद्याने इथल्या संसदेने राष्ट्राध्यक्षांना इराकवर सैन्य वापरायची परवानगी दिली होती, तो रद्द झाला. संरक्षण खात्याच्या यंदाच्या जाडजूड बिलात, म्हणजे विधेयकात, विमानं आणि पगार आणि बराकींच्या दुरुस्तीच्या मध्ये कुठेतरी, त्याचं एक छोटंसं कलम होतं. भाषणं नाहीत, घंटा नाहीत. आपल्या घरात त्या कायद्याला कायदा म्हणायची पद्धत नव्हती. तू त्याला 'परवानगी' म्हणायचीस. "परवानगी अजून आहे," असं तू इतक्या वेळा म्हटलंयस की मला तो शब्द ऐकला की घरात कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं.

आपला धाकटा गार्डमध्ये, म्हणजे त्या अर्धवेळ सैन्यात, गेला तेव्हा कॉलेजात होता. महिन्यातून एक वीकेंड, उन्हाळ्यात दोन आठवडे, एवढंच असतं असं त्याने सांगितलं होतं. बाबा चिडले. "आपण या देशात कॉम्प्युटरच्या चिप्स बनवायला आलो, सैनिक व्हायला नाही." तू त्याच्या युनिफॉर्मच्या बाहीचं उसवलेलं शिवून दिलंस. मग तो एकदा इराकला गेला आणि आला. दुसऱ्यांदा गेला आणि आला, थोडा गप्प होऊन. मग टीव्हीवर शेवटचे ट्रक सीमा ओलांडून बाहेर पडताना दाखवले आणि युद्ध संपलं असं जाहीर झालं, त्या दिवशी तू श्रीखंड केलंस. इथल्या चँडलरच्या घरात, किचनमध्ये, सिंकच्या नळाला चक्का टांगून. धाकटा वाटी घेऊन ओट्यावर बसला होता आणि तू त्याला लहानपणासारखं खाली उतर म्हणून रागावत होतीस. मला ती दुपार अजून दिसते. तो उतरत नाहीये, तू चमचा उगारतेयस, बाबा हसतायत.

तीन वर्षांनी त्याला परत बोलावलं. या वेळी युद्ध नव्हतं. तिथल्या सैन्याला शिकवायला, असं म्हणाले. पाचव्या महिन्यात त्याची गाडी रस्त्यावरून घसरून उलटली. गोळी नाही, बॉम्ब नाही, समोर शत्रू नाही. दोन अधिकारी घरी आले, कडक इस्त्रीचे कपडे, हातात टोप्या. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. तू त्या दोघांना किचनच्या टेबलाशी बसवलंस, पाणी दिलंस, आणि विचारलंस, "अंडर व्हॉट परमिशन?" त्यातला तरुण अधिकारी म्हणाला, "मॅम?" तू परत विचारलंस, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. युद्ध संपलं ना. मग तो कुठल्या परवानगीने तिथे होता? त्यांना वाटलं तुझं डोकं ठिकाणावर नाही. मलाही तसंच वाटलं. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तू तो बाजूला केलास.

उत्तर तूच शोधून काढलंस. सरकारने दोन जुन्या परवानग्या दाखवल्या होत्या. एक विमानं आदळून ते दोन मनोरे पडले त्यानंतरची, कुठेही लागू पडेल अशी, आणि दुसरी इराकची. युद्ध संपल्यावर तीही संपली असेल असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तुला तसं वाटलं नाही, कारण लग्नाआधी तू नागपूरला कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये सहा वर्षं कारकून होतीस. तू मला तिथल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितलीस. शेजाऱ्याशी त्याचं भांडण होतं, ते केव्हाच मिटलं होतं, दोघांच्या मुलांची एकमेकांत लग्नंही झाली होती. पण वॉरंट कुणी रद्द केलं नव्हतं. ते कपाटात पडून होतं. एक दिवस नव्या फौजदाराने कपाट साफ केलं आणि त्या म्हाताऱ्याला नातवाच्या बारशातून उचलून आणलं. "तो माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणत होता, बाई, भांडण तर मिटलंय. आणि माझ्या हातात तो कागद. त्यावर सही, शिक्का, सगळं होतं. मी काय म्हणणार?" मग तू म्हणालीस, "माणसं विसरतात. कागद नाही विसरत."

तू खासदारांना पत्रं लिहायला लागलीस. पिवळ्या रेघांच्या पॅडवर, वर कोपऱ्यात बारीक 'श्री', खाली तुझं तिरकं इंग्रजी. पहिल्या पत्रावर बाबांनीही सही करावी असं तुला वाटत होतं. त्यांनी केली नाही. म्हणाले, "आपण बाहेरून आलेली माणसं. आधीच मुलगा गेलाय, आता सरकारशी वाद नको." तू त्यांना परत विचारलं नाहीस. मीही तुला थांबवायला पाहिलं. हिवाळ्यातली दुपार होती, तू टेबलाशी लिहीत होतीस, तुझ्याजवळ संत्र्यांच्या सालींचा ढीग होता. मी म्हटलं, "आई, ही पत्रं कुणी वाचत नाही. कॉम्प्युटरच उत्तर पाठवतो. कशाला जिवाला लावून घेतेस?" तू मान वर न करता म्हणालीस, "तू वाचलास का तो कायदा?" मी सालं गोळा करायला लागले. "मग नको बोलूस. आधी वाच, आणि मग मला सांग की हे जाऊ दे." मी वाचला नाही. त्या दिवसात तू रोज लिहायचीस, सकाळ-दुपार, बोटं आखडेपर्यंत. मला वाटायचं तू एकच पत्र पुन्हा पुन्हा लिहितेयस. तुझ्या पोटात काय वाढतंय ते तुला आणि बाबांना माहीत होतं, मला तू शेवटच्या तीन आठवड्यांत सांगितलंस.

तू गेलीस. त्यानंतर चौथ्या महिन्यात बाबांच्या मेलबॉक्समध्ये तुझ्या नावाचं पाकीट होतं. खासदारांच्या ऑफिसचं. 'आपल्या ताज्या पत्राबद्दल आभार.' मी म्हटलं, सरकारी काम, उशीर झाला असेल. दोन महिन्यांनी दुसरं आलं. मग तिसरं. पाचव्या पाकिटात एक बिलाचा नंबर होता, आणि तो मी दोनदा तपासून बघितला. इथे दर दोन वर्षांनी संसद नवी होते, आणि तोपर्यंत पास न झालेली सगळी बिलं त्या दिवशी मरतात. मग कुणीतरी तेच बिल नव्या नंबराने परत मांडतं. हा नंबर नवा होता. तू गेल्यानंतरचा. आणि पत्रात लिहिलं होतं, 'आपण या नव्या विधेयकाचा क्रमांक देऊन जो प्रश्न विचारला आहे...'

मी ड्राइव्ह करून त्यांच्या ऑफिसात गेले. डेंटिस्ट आणि टॅक्सवाल्याच्या मधलं ऑफिस, दारात झेंडा, आत एसी इतका की दंडावर काटा आला. की तो आधीच आला होता. खिडकीशी एक मध्यमवयीन बाई होती, चष्मा साखळीला अडकवलेला. मी तुझं नाव सांगितलं आणि म्हटलं मी तिची मुलगी. ती उठूनच उभी राहिली. "ओ, आय लव्ह युअर मॉम! कशा आहेत त्या? गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, "गुडघे?" ती म्हणाली, "या महिन्यात लिहिलंय ना, जिना उतरताना दुखतात म्हणून." तिने फाइल काढली. जाड फाइल होती. वरचं पत्र माझ्याकडे फिरवलं. पिवळा कागद, कोपऱ्यात 'श्री', तुझं अक्षर. तुझा तो 'के', ज्याचा पाय लांब जातो. लिहिलं होतं, 'काल इथे धुळीचं मोठं वादळ आलं. रस्त्यापलीकडचं घर दिसेना. मला वाटलं, माझ्या मुलाला शेवटी असंच काही दिसलं असेल.' आदल्या आठवड्यात खरंच असं वादळ आलं होतं. मी स्वतः फ्रीवेच्या कडेला गाडी थांबवून पंधरा मिनिटं आत बसले होते. पत्रावर तारीख होती वादळाच्या दुसऱ्या दिवसाची. ती बाई म्हणत होती, "खासदार बदलले, मी बदलले नाही. त्यांचं पत्र आलं की मी ते स्वतः वाचते आणि वर पाठवते. त्यांना सांगाल ना?" आई, मी तिला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण म्हणाले काय, तर "गुडघे तसेच आहेत."

बाबा मागच्या अंगणात लिंबाला पाणी घालत होते. मी विचारलं, "बाबा, आईची पत्रं कोण पाठवतंय?"

"ती पाठवते."

"बाबा."

"मी पोस्टात टाकतो फक्त. पाठवते तीच." त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि मला आत नेलं. तुझ्या साड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, बुटांची तीन खोकी. उघडली तर रेकॉर्ड रूमच. पुठ्ठ्याचे दुभाजक, त्यावर तुझं मराठी अक्षर. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, असे सगळे महिने, आणि प्रत्येकाच्या मागे पत्रांचा गठ्ठा. मार्चच्या पत्रांत संत्र्याच्या मोहराचा वास होता, म्हणजे तसं लिहिलेलं होतं. जुलैच्यात वादळ. तारीख आणि बिलाचा नंबर यांच्यासाठी मोकळी जागा. तिसऱ्या खोक्यात वेगळे दुभाजक होते. 'बिल मेलं तर.' 'परत मांडलं तर.' 'एका सभागृहात पास झालं तर.' 'खासदार बदलला तर.' तू शेवटच्या हिवाळ्यात लिहीत होतीस ते हे. पुढच्या वर्षांचं सगळं.

"पण वादळ?" मी विचारलं. "पत्राच्या तारखेच्या आदल्या दिवशीच वादळ आलं हे तिला कसं कळलं?"

बाबा जरा ओशाळले. "मी थांबतो. वादळ आलं की मगच ते पत्र टाकतो. तिचं लिहिलेलं खोटं पडायला नको." मग म्हणाले, "पहिल्या पत्रावर तिने मला सही मागितली होती. मी केली नाही. आता नंबर भरतो, तारीख भरतो, पाकीट चिकटवतो. एवढंच येतं मला."

त्यानंतर मीही त्यांच्याबरोबर बसायला लागले. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहा झाल्यावर. ते कॉम्प्युटरवर बिलाचा नंबर शोधायचे, मी पाकिटावर पत्ता घालायचे. मी तो कायदाही वाचला, आई. वाचायला दहा मिनिटं लागली. एकदा प्रतिनिधिगृहात बिल पास झालं तेव्हा बाबांनी 'एका सभागृहात पास झालं तर' मधलं पत्र काढलं. त्यात तू लिहिलं होतंस, 'आनंद करायची घाई करू नका, दुसरं सभागृह आहे.' दुसऱ्यात ते तसंच पडून राहिलं आणि मेलं. पुढच्या वेळी उलटं झालं, सेनेटने पास केलं आणि प्रतिनिधिगृहात अडकलं. त्यासाठीही तुझं एक पत्र होतं. मी बाबांकडे बघायचे, बाबा माझ्याकडे. या सगळ्याला कारण आहे, मला कळतं. तू सहा वर्षं कागद कसे जगतात आणि मरतात ते बघितलं होतंस, बाकी तर्काने भरलंस. पण एका गोष्टीला मला कारण सापडलेलं नाही. बाबांच्या डोळ्यांचा पडदा दोन वर्षांपूर्वी गेला. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नाही, फक्त कडा दिसतात. त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये मी गठ्ठ्यातलं पुढचं पत्र काढलं आणि त्यांना वाचून दाखवायला लागले. शेवटच्या ओळी होत्या, 'माझ्या नवऱ्याला आता वाचता येत नाही. त्यांना हे वाचून दाखवावं लागतं. तेव्हा उत्तर पाठवाल तर सोप्या भाषेत पाठवा.' तू ते लिहिलंस तेव्हा बाबा बिनचष्म्याचे पेपर वाचायचे. मी थांबले. बाबा म्हणाले, "वाच की." मी म्हटलं, "संपलं." ते म्हणाले, "नाही संपलं. ती अजून एक ओळ लिहिते नेहमी." खरंच होती. 'आपली, एक आई.' मी ते पत्र दिवसभर टेबलावर उलटं घालून ठेवलं होतं. मग सोमवारी टाकलं.

तर गेल्या गुरुवारी, फोननंतर, मी बाबांना नीट सांगितलं. इराकची परवानगी गेली. त्यांनी लिंबाच्या दिशेला तोंड वळवलं. मग म्हणाले, "दुसरी?" दुसरी आहे, मी म्हटलं. मनोऱ्यांनंतरची. ती झाली तेव्हा जन्मलेली मुलं आता त्याच परवानगीने लढायला जातात. "बरं," ते म्हणाले, "तिसरं खोकं आण. शेवटचा पुठ्ठा बघ." आम्ही तो कधी बघितला नव्हता. वेळेआधी बघायचा नाही असं तू त्यांना बजावलं होतंस, आणि त्यांनी मलाही. त्यावर लिहिलं होतं, 'रद्द झाली तर.' मागे एकच कागद. मी तो उचलला. वर 'श्री'. खाली, अगदी तळाशी, तुझी सही. मध्ये काहीच नाही. रेघा नुसत्या. आई, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे तू आम्हा दोघांना शाळेच्या फॉर्मपासून शिकवलंस. धाकट्याने एकदा केली तेव्हा दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हतीस. आणि हा कागद. मला तो हातात धरवेना. खोलीत कुणी नव्हतं, पण तुझ्या टेबलाच्या बाजूला बघायची माझी हिंमत झाली नाही.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

ते वाट बघत होते. चेहरा वर केलेला, डोळे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी. मी वाचायला लागले. म्हणजे बोलायला लागले. "महोदय, मला कळलं. उशीर झाला, पण केलंत, त्याबद्दल आभार. माझा मुलगा आता कुठल्याच परवानगीखाली नाही. मी जरा बसते. माझे मिस्टर इतकी वर्षं पोस्टात जात होते, तेही आता बसतील. पहिल्या पत्रावर सही केली नाही म्हणून ते अजून मनाला लावून घेतात. त्यांना सांगायचं राहिलं, की मला राग नव्हता." माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. शब्द तोडण्याची पद्धत तुझी होती, एकेक सुटा, त्या दिवशी टेबलाशी होती तशी. मी थांबवू बघितलं तर अजून एक वाक्य आलं, "दुसरीचं बघा आता." मग ते आपोआप थांबलं.

बाबांनी हात पुढे केला, मी कागद दिला. त्यांनी अंगठ्याने तो वरपासून खालपर्यंत चाचपला. त्यांना अक्षरं दिसत नाहीत, पण तू पेन दाबून लिहितेस, बोटाला कळतं. मधल्या मोकळ्या जागेत त्यांचा अंगठा थांबला. "चांगलं लिहिलंय," ते म्हणाले, आणि कागद घडी न घालता मला परत दिला. रात्रीच्या जेवणाला काय करायचं ते विचारलं.

तो कागद आता माझ्या घरी आहे, सपाट, दोन पुठ्ठ्यांमध्ये. दुसऱ्या परवानगीबद्दल मी रविवारी पत्र लिहायला बसले. माझ्या कागदावर, माझ्या सहीने. आणि 'माझा भाऊ' एवढं लिहून पुढे जाता येईना. का, ते तुला सांगायला हे लिहायला घेतलं आणि इतक्या पानांत तेवढंच टाळत आले.

तिसऱ्यांदा जाण्याआधी त्याचा गार्डचा करार संपत होता. वाढवायचा की नाही ते त्याच्या हातात होतं. त्याने मला फोन केला, तुम्हाला नाही. मी कॉस्टको दुकानाच्या पार्किंगमध्ये होते, गाडीची ट्रंक उघडी, आइस्क्रीम वितळत होतं. म्हणाला, "ताई, करू का साइन? खरं सांग." मला घाई होती. मी म्हटलं, "कर यार, घाबरतोस कशाला. युद्ध तर संपलंय."

तो हसला आणि म्हणाला, "हो ना."

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. तुलाही, तू होतीस तोवर सांगितलं नाही. तुझ्या खांद्यावर हात ठेवला त्या दिवशीही नाही, आणि ती पत्रं कुणी वाचत नाही म्हणाले त्या दिवशीही नाही. आज लिहिलं, पण या पाकिटावर घालायला पत्ता नाही, म्हणजे आजही सांगितलं असं होत नाही.